गटाचा संगणक आपल्या हातानं जोडूया

  हातातलं काम चालू ठेवा. भाकरी थापत ऐका, शेंगा फोडत ऐका. फक्त गटाच्या सचिव आणि कोषाध्यक्ष असतील त्यांनी वही-पेन जवळ ठेवावं, कारण आज लिहून घेण्यासारखं बरंच आहे.

आपल्या भागात आता पुष्कळ गटांकडे आणि ग्रामसंघांकडे टेबलावरचा संगणक आला आहे. कुणी गटाच्या पैशातून नवा घेतला, कुणाला देणगीत मिळाला, कुणी जुना वापरलेला घेतला. बैठकीचं इतिवृत्त, कर्जाचे हप्ते, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी, बिलं, सगळं त्यावर ठेवायचं असं ठरतं. जोडून द्यायला दुकानातला मुलगा येतो, दहा मिनिटांत भराभर वायरी खुपसतो आणि निघून जातो. काय कुठं लावलं ते कुणी बघितलेलं नसतं. मग दिवाळीला खोली रंगवायची म्हणून संगणक हलवतात, वायरी निघतात, आणि त्याच्यावर जे कापड पडतं ते महिना-महिना निघत नाही. त्या मुलाला फोन करायचा, तो म्हणणार उद्या येतो. तोवर हप्त्यांच्या नोंदी आत अडकलेल्या आणि बँकेत कागद द्यायची तारीख तोंडावर आलेली.

बायांनो, गटाची पैशाची पेटी आठवा. पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीकडे, असा नियम आपण कितीतरी वर्षं पाळला. पेटी उघडायला बाहेरच्या माणसाला कधी बोलावलं नाही. आता आपला हिशोब या नव्या पेटीत गेला आहे. मग तिची किल्लीही आपल्याकडंच पाहिजे. वायर जोडणं, काढणं, बिघाड कुठं आहे ते ओळखणं, हीच ती किल्ली. त्याला इंग्रजी लागत नाही की पदवी लागत नाही. ज्या बाईला शिलाई मशीनचा पट्टा चढवता येतो आणि कुकरची शिट्टी साफ करता येते, तिला हे येतंच.

आधी जागा ठरवू. संगणक जमिनीवर ठेवू नका. ओल येते, झाडताना धूळ आत जाते आणि उंदीर वायरी कुरतडतात. टेबलावर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा. मोठ्या पेटीच्या मागं पंखा असतो, तो आतली गरम हवा बाहेर टाकतो. त्याला श्वास घ्यायला जागा हवी. चालू संगणकावर कापड टाकू नका, बंद केल्यावर टाका. आणि एक महत्त्वाचं. गटाची पिठाची गिरणी किंवा मिरची कांडप ज्या खोलीत आहे त्या खोलीत संगणक नको. पीठ आणि मिरचीची पूड पंख्यातून आत ओढली जाते आणि थर धरते. शिवाय गिरणीची मोटर सुरू होताना त्या लाईनचं व्होल्टेज झटकन खाली येतं. दिवा मिणमिणतो ना, तसंच संगणकालाही ते जाणवतं आणि तो मध्येच बंद पडतो.

आता वीज. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथं जिवाचा प्रश्न आहे.

संगणकाच्या प्लगला तीन पिना असतात. वरची पिन जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची. पुष्कळ ठिकाणी बोर्ड दोन पिनांचा असतो म्हणून कुणीतरी दोन पिनांचा जोड लावून देतं, किंवा ती जाड पिन सरळ कापून टाकतं. संगणक चालू होतो, म्हणून सगळ्यांना वाटतं काही बिघडलं नाही. पण पेटीच्या मागच्या लोखंडाला हात लागला की झिणझिण्या येतात. काही जणी म्हणतात, "संगणकाला करंट असतोच." असं नसतं. पेटीत विजेचं रूपांतर करणारा भाग असतो. त्यातून थोडीशी वीज अर्थिंगच्या वायरीनं जमिनीत जावी अशी त्याची रचना केलेली असते. अर्थिंगच नसेल तर ती वीज पेटीच्या लोखंडावर थांबते आणि तुम्ही हात लावला की तुमच्या अंगातून वाट काढते. एरवी नुसत्या मुंग्या येतील. पण आत एखादी वायर सुटून लोखंडाला टेकली, आणि तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असाल, तर तोच धक्का जीव घेईल.

म्हणून झिणझिण्या आल्या की संगणक बंद, प्लग बाहेर, आणि परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. त्याला सांगा, "आमच्या बोर्डाला अर्थिंग आहे का ते तपासून द्या." ही तपासणी आपण स्वतः करायची नाही. जुन्या घरांच्या मागं अर्थिंगचा खड्डा असतो, मीठ-कोळसा घालून भरलेला. उन्हाळ्यात जमीन सुकली की त्याचा उपयोग कमी होतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. आपल्या ग्रामसंघाच्या खोलीचा, शाळेचा, अंगणवाडीचा असा खड्डा कुठं आहे ते एकदा विचारून घ्या. बुजून त्यावर गोठा बांधला असेल तर तेही कळेल.

पुढचं, यूपीएस. संगणकासोबतचा विटेसारखा जड डबा. त्यात बॅटरी असते. लाईट गेली की तो संगणकाला थोडा वेळ चालू ठेवतो. थोडा म्हणजे किती? नेहमी मिळतो त्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर एक साधा संगणक साधारण दहा-पंधरा मिनिटं चालतो, बॅटरी जुनी झाली की त्याहून कमी. ही मिनिटं काम पुढं चालू ठेवण्यासाठी नसतात. केलेलं काम जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी असतात. यूपीएस टीं-टीं करायला लागला की गप्पा थांबवा, कंट्रोल दाबून ठेवून एस दाबा, म्हणजे काम जतन होतं, आणि शट डाउन करा.

यूपीएस नवा आणल्यावर पहिल्यांदा रात्रभर नुसता चार्जिंगला ठेवा. त्यावर फक्त दोनच गोष्टी जोडायच्या, मोठी पेटी आणि पडदा. पंखा नको, मोबाईलचे चार्जर नकोत, आणि लेझर प्रिंटर तर मुळीच नको. लेझर प्रिंटर शाई कागदावर पक्की करायला तापतो आणि त्या वेळी एकदम खूप वीज ओढतो. यूपीएस तेवढी देऊ शकत नाही. प्रिंटरचा प्लग सरळ भिंतीच्या बोर्डात लावा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, भंगारवाल्यासमोर फोडू देऊ नका. तिच्यात शिसं आणि आम्ल असतं. नवी घेताना जुनी दुकानदारालाच परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे.

चला, आता प्रत्यक्ष जोडणी. भिंतीवरचं बटण बंद ठेवा. पेटीची मागची बाजू आपल्याकडं फिरवा. घाबरवून टाकेल इतकी भोकं दिसतील. पण यात एक सोय करून ठेवलेली आहे. बहुतेक प्रत्येक वायरीचं तोंड वेगळ्या आकाराचं असतं आणि ते आपापल्या भोकातच बसतं. चोळीचं हूक आणि काज जसं, तसं. बसत नसेल तर जोर लावू नका, उलटं करून बघा किंवा दुसरीकडं बघा. जोर लावला की आतल्या पिना वाकतात.

पहिली जोडी विजेच्या वायरींची. जाड काळ्या, तीन भोकांच्या तोंडाच्या. एक यूपीएसपासून पेटीला, एक यूपीएसपासून पडद्याला. काही पडद्यांना मात्र चार्जरसारखा छोटा डबा असतो, तो वेगळा ओळखू येतो. पेटीत जिथं वायर जाते त्याच्या शेजारी एक लहान बटण असतं, त्यावर उभी रेघ आणि गोल अशी खूण असते. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. साफसफाईत हे बटण चुकून गोलाकडं दाबलं जातं आणि मग "संगणक मेला" म्हणून फोन होतात. आधी हे बटण बघत जा.

दुसरी, चित्राची वायर. ही पेटीकडून पडद्याकडं जाते. ती दोन-तीन प्रकारची असते. जुनी असेल तर निळ्या तोंडाची, आत तीन ओळींत पिना आणि दोन्ही बाजूंना हातानं पिळायचे स्क्रू. तिला व्हीजीए म्हणतात. नवी असेल तर चपटी, खालचे दोन कोपरे आत निमुळते झालेली. तिला एचडीएमआय म्हणतात, टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सला असते तीच. इथं एक गोम आहे. काही पेट्यांना चित्राच्या वायरीसाठी दोन ठिकाणी जागा असते. एक वरच्या भागात, जिथं माउस-कीबोर्डची भोकं आहेत तिथंच. दुसरी खाली, आडव्या पट्टीत. खालची जागा असेल तर त्या संगणकात चित्राचं वेगळं कार्ड बसवलेलं आहे, आणि वायर तिथंच लावायची. वर लावली तर पुष्कळदा पडदा काळाच राहतो.

तिसरं, यूएसबी. चपटी, आयताकृती भोकं. पेनड्राइव्ह जातो तीच. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, कॅमेरा, सगळं यातच. भोकाच्या आतली जीभ काही ठिकाणी काळी, काही ठिकाणी निळी असते. निळी जास्त वेगवान असते. कीबोर्ड आणि माउस काळ्यात लावा, निळी पेनड्राइव्हसाठी मोकळी ठेवा. जुन्या पेट्यांना कीबोर्ड-माउससाठी गोल भोकं असतात, जांभळं कीबोर्डचं आणि हिरवं माउसचं. गोल पिनेचा कीबोर्ड संगणक चालू असताना काढू-घालू नका. यूएसबीचा चालतो.

चौथं, आवाजाची लहान गोल भोकं. रंग लक्षात ठेवा. हिरव्यात स्पीकर किंवा हेडफोन, गुलाबीत माइक. निळं सहसा आपल्याला लागत नाही.

एवढंच. जोडून झाल्यावर प्रत्येक वायरीला एक कागदी चिठ्ठी चिकटवा आणि मराठीत लिहा: पडदा, पेटी, प्रिंटर. मग मोबाईलवर मागच्या बाजूचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. पुढच्या वेळी कुणालाही जोडता येईल.

आता चालू करायचा क्रम: भिंतीचं बटण, यूपीएसचं बटण, पेटीमागचं रेघेचं बटण, पडद्याचं बटण, आणि शेवटी पेटीच्या पुढचं मोठं बटण.

चालू झाला नाही तर? डॉक्टर जसे आधी नाडी बघतात, तसे आपण आधी दिवे बघायचे. पेटीवरचा दिवा लागला नाही आणि पंख्याचा आवाज नाही, तर वीज पोचलेली नाही. यूपीएस चालू आहे का, वायर सैल आहे का, मागचं बटण रेघेवर आहे का, एवढंच बघा. पेटी चालू आहे पण पडद्यावर "नो सिग्नल" असं येऊन जातं, तर पडदा जिवंत आहे, त्याच्याकडं चित्र येत नाही. चित्राची वायर दोन्हीकडून काढून पुन्हा घट्ट बसवा, आणि ती बरोबर जागी आहे का ते बघा. पेटी सुरू होताना पुन्हा पुन्हा टूं-टूं वाजते आणि पुढं काहीच येत नाही, तर आतला एखादा भाग सैल झालाय किंवा बिघडलाय, पुष्कळदा रॅमची पट्टी. तेव्हा कारागिराला बोलवा, पण फोनवर असं सांगा: "पंखा चालतो, पडद्याला वीज आहे, तीन वेळा टूं वाजतं." एवढं नेमकं सांगणाऱ्या बाईला कुणी पूर्ण मशीन बदलायला सांगताना दहा वेळा विचार करतो.

संगणक सुरू झाला. आता बैठक ऑनलाइन घ्यायची आहे. तालुक्याहून प्रशिक्षण आहे, सगळ्या जणी एका पडद्यासमोर बसणार. टेबलावरच्या संगणकात मोबाईलसारखा कॅमेरा आणि माइक आत नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो. यूएसबीचा वेबकॅम घेतला तर बहुतेकात माइकही असतो. लावल्यावर विंडोज त्याला आपोआप ओळखतं. खिडकीकडं पाठ करून बसू नका, चेहरे काळे दिसतात. उजेड समोरून हवा.

कॅमेरा लावला आणि चित्र येत नाही, तर सेटिंग्जमध्ये जा, प्रायव्हसी उघडा, कॅमेरा निवडा आणि तिथली परवानगी चालू करा. आवाज जात नसेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड, आणि त्यात इनपुट बघा. तिथं आपला माइक निवडा आणि बोला. आवाजाबरोबर पट्टी हलली की माइक ठीक आहे. पट्टी हलते आणि तरी समोरच्यांना ऐकू येत नाही, तर बैठकीच्या खिडकीतलं माइकचं चिन्ह बंद असणार. बैठक संपली की वेबकॅमची वायर काढून ठेवा. खोलीत कुणाचंही कसलंही बोलणं चाललेलं असतं, डोळा उघडा कशाला ठेवायचा?

मोबाईलचा माइकवाला हेडफोन संगणकाला लावून बघणाऱ्या खूप जणी आहेत. ऐकू येतं पण बोललेलं जात नाही. कारण त्याच्या एकाच पिनेत ऐकणं आणि बोलणं दोन्ही असतं, आणि आपल्या पेटीला हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं. दोन्हीला जोडणारी इंग्रजी वाय अक्षरासारखी छोटी वायर मिळते. तिला स्प्लिटर म्हणतात, स्वस्त असते.

आणि इंटरनेट? पुष्कळ टेबलावरच्या संगणकांना वायफाय नसतं, म्हणून नेट नाही असं समजून बसू नका. आपला अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या वायरीनं पेटीला जोडा, मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टिथरिंग शोधा, आणि यूएसबी टिथरिंग चालू करा. मोबाईलचं नेट संगणकाला मिळतं. चालू होत नसेल तर वायर बदलून बघा. काही स्वस्त वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून माहिती जात नाही. डेटा मात्र जपून वापरा, संगणक एका दमात तो संपवतो.

आता कीबोर्ड. हिशोबासाठी उजव्या हाताचा आकड्यांचा चौकोन वापरा, बोटं लवकर बसतात. आकडे उमटत नसतील तर त्याच चौकोनातलं नम लॉक दाबा. "कीबोर्ड बिघडला" म्हणून नवा घेण्याआधी हे एक बटण दाबून बघा. मराठी लिहायचं असेल तर विंडोजमध्ये भाषा मराठी वाढवता येते, आणि खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबून स्पेस दाबलं की भाषा बदलते. इनस्क्रिप्ट नावाची पद्धत मुद्दाम आपल्या लिप्यांसाठी केलेली आहे. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. पंधरा-वीस दिवस रोज अर्धा तास बसलं की हात बसतो. मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर फोनेटिक निवडा. इतिवृत्त मराठीत असलं की बैठकीतली प्रत्येक बाई ते वाचू शकते, आणि सही कशाखाली करतोय ते तिला कळतं.

ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांनी खिडकीचं बटण आणि अधिकचं चिन्ह दाबावं. पडद्यावरचं सगळं मोठं होतं. खिडकीचं बटण आणि एस्केप दाबलं की परत नेहमीसारखं. चष्मा नाही म्हणून मागं बसायची गरज नाही.

एक बिघाड असा आहे की त्यावर फुकट पैसे जातात. संगणक चालू होतो, पण घड्याळ जुनं वर्ष दाखवतं. बँकेची किंवा सरकारी साइट उघडली की "हे कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा येतो. तारीख बरोबर केली तर तेवढ्यापुरतं चालतं, लाईट काढली की पुन्हा तेच. याचं कारण पेटीतली रुपयासारखी गोल छोटी बॅटरी संपलेली असते. संगणक बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. तिच्यावर सी आर २०३२ असं लिहिलेलं असतं, आणि ती घड्याळाच्या दुकानातही थोड्या पैशात मिळते. संगणकाची तारीख जुनी असली की साइटची सुरक्षेची कागदपत्रं तिच्याशी जुळत नाहीत, म्हणून ब्राउझर इशारा देतो. यासाठी कुणी "नवं विंडोज टाकावं लागेल" असं म्हणालं तर आधी बॅटरी बदलायला सांगा. स्वतः बदलायची तर प्लग काढून, आधी फोटो काढून, अधिकची बाजू वर ठेवून बसवा. आणि जुनी बॅटरी लगेच लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ही बटण-बॅटरी लहान मुलानं गिळली आणि घशात अडकली तर दोन तासांच्या आत आत भाजायला सुरुवात होते. शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, नोंदी जपणं. संगणक बिघडला तर दुरुस्त होईल, चोरीला गेला तर दुसरा येईल. चार वर्षांचा हिशोब परत येत नाही. म्हणून गटानं दोन पेनड्राइव्ह घ्यावेत. मासिक बैठकीच्या दिवशी हिशोबाची फाइल दोन्हीवर उतरवायची. एक पेनड्राइव्ह खोलीत, एक दुसऱ्या आळीतल्या सदस्येच्या घरी. दोन्ही एकाच कपाटात ठेवले तर आग लागली, पाणी शिरलं की दोन्ही जातात. काढताना पेनड्राइव्ह ओढू नका, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून "इजेक्ट" म्हणा, मग काढा. बाहेरच्या दुकानात छपाईला नेलेला पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यातून व्हायरस येतो. आणि कागदी रजिस्टर बंद करू नका. संगणक हा रजिस्टरचा मदतनीस आहे.

खरेदी करणाऱ्या गटांसाठी दोन शब्द. बिल गटाच्या नावानं घ्या, त्यावर पेटीचा आणि पडद्याचा अनुक्रमांक लिहून घ्या, वॉरंटीचं कार्ड कोषाध्यक्षांच्या फायलीत. जुना वापरलेला घेताना विंडोज कोणतं चालतं ते विचारा. विंडोज १० ला मोफत सुरक्षा सुधारणा देणं कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय पेटीत असावी लागते. इंटेलची चिप असेल तर आठव्या पिढीची किंवा पुढची लागते. नावात आय-फाइव्हनंतर जो आकडा असतो तो आठ हजारांच्या पुढं आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळदा फसवणूक टळते. दुकानदार वॉरंटीत दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथं तक्रार नोंदवता येते.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. कर्जवाटप झालं, चहा झाला, की संगणक बंद करून सगळ्या वायरी काढा. आणि ज्या दोघींनी आजवर त्याला हात लावला नाही, त्यांनाच जोडायला सांगा. बाकीच्यांनी नुसतं बघायचं, मध्ये बोलायचं नाही. पहिल्यांदा वीस मिनिटं लागतील. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दोघी. वर्षभरात गटातली प्रत्येक बाई एकदा तरी त्या पेटीच्या मागं वाकलेली असेल. मग दुकानातला मुलगा उद्या आला काय आणि परवा आला काय, आपली बैठक अडणार नाही.

जोडताना काही अडलं तर आपल्या रेडिओ केंद्रावर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. वीज जपून, लेकरं जपून, आणि हिशोब जपून.